येशूचं यहुदीपण

६ मे १९३९ रोजी जर्मनीतल्या आयझेनाख शहरात, वार्टबुर्ग किल्ल्यावर एका संस्थेचं उद्घाटन झालं. मार्टिन ल्यूथरने नव्या कराराचा जर्मन अनुवाद ज्या किल्ल्यात बसून केला, तोच हा किल्ला. प्रोटेस्टंट चर्चच्या काही प्रांतिक शाखांनी मिळून ही संस्था उभी केली होती. चर्चच्या धार्मिक जीवनातला यहुदी प्रभाव शोधून काढायचा आणि तो निपटून टाकायचा, हे तिचं जाहीर उद्दिष्ट होतं. वॉल्टर ग्रुंडमान हे तिचे अभ्यासप्रमुख. नव्या कराराचे प्राध्यापक, म्हणजे विषय जाणणारा माणूस.

पुढच्याच वर्षी संस्थेने नव्या कराराची ‘शुद्ध’ आवृत्ती काढली. तीत येशूची यहुदी वंशावळ नव्हती आणि जुन्या कराराचे संदर्भ जमेल तिथे गाळलेले होते. भजनांच्या पुस्तकातून हालेलुया, होसान्ना यांसारखे हिब्रू शब्द काढले गेले. येशू गालीलचा होता आणि गालीलचे लोक वंशाने यहुदी नव्हते, तेव्हा येशूही बहुधा यहुदी नव्हता, असं प्रतिपादन करणारं पुस्तक स्वतः ग्रुंडमान यांनी लिहिलं. अमेरिकन अभ्यासक सुझाना हेशेल यांनी हा सगळा इतिहास ‘द आर्यन जीझस’ या ग्रंथात कागदपत्रांसह मांडला आहे.

मला यातली एक गोष्ट फार अस्वस्थ करते. ही माणसं चर्च सोडून गेलेली नव्हती. दर रविवारी ती उपासनेला जात होती. येशूवर आपलं प्रेम आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं. फक्त येशूच्या आईवर, त्याच्या भाषेवर, त्याच्या सणांवर आणि त्याच्या लोकांवर ते प्रेम नव्हतं. युद्ध संपल्यावर संस्था बंद पडली, पण ग्रुंडमान पूर्व जर्मनीत शिकवत आणि शुभवर्तमानांवर भाष्यं लिहीत राहिले.

मी मुसलमान आहे. ख्रिस्ती श्रद्धेने येशूकडे कसं पाहावं, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. येशूचं देवत्व आणि वधस्तंभावरचा मृत्यू या दोन्ही बाबतींत आमची आणि त्यांची वाट वेगळी आहे. पण हजरत ईसा मसीह आमचेही पैगंबर आहेत. ते बनी इस्राएलकडे पाठवले गेले आणि त्यांनी तौरातची पुष्टी केली, हे कुरआन स्पष्ट सांगतो. म्हणून येशूला त्याच्या माणसांतून उपटून बाजूला काढण्याचा हा प्रकार मला परक्याच्या घरातलं भांडण वाटत नाही.

हा प्रयत्न काही हिटलरच्या काळात पहिल्यांदा झालेला नाही. दुसऱ्या शतकात काळ्या समुद्राकाठच्या सिनोप गावचा मार्शियन नावाचा एक श्रीमंत जहाजमालक रोमला आला. त्याने तिथल्या मंडळीला दोन लाख सेस्टर्स एवढी मोठी देणगी दिली. त्याचं म्हणणं असं की, जुन्या करारातला देव वेगळा, कठोर आणि न्यायनिवाडा करणारा. येशूने सांगितलेला देव निराळाच, निव्वळ दयेचा. म्हणून यहुदी धर्मग्रंथ त्याने सरसकट बाजूला सारले. लूकचं शुभवर्तमान काटछाट करून ठेवलं, पौलाची दहा पत्रं ठेवली, बाकी सगळं काढून टाकलं. इ. स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बहिष्कृत केलं आणि देणगीही परत केली. (पैसे परत करणारी धार्मिक संस्था इतिहासात फार सापडत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो.)

चर्चने मार्शियनला नाकारलं, त्यामुळे तौरात, जबूर आणि इस्राएलच्या नबींचे ग्रंथ ख्रिस्ती बायबलात राहिले. पण मार्शियनचा विचार मेला नाही. जुन्या करारातला देव रागीट आणि नव्यातला प्रेमळ, हे वाक्य मी मराठीत कित्येकदा ऐकलंय. बोलणारा माणूस सज्जन असतो. आपण दुसऱ्या शतकातलं एक पाखंड बोलतोय याचा त्याला पत्ता नसतो.

यहुदी धर्म माहीत नसला तर शुभवर्तमान वाचताना नेमकं काय हरवतं? लूक सांगतो की, बाळ येशूला घेऊन मरियम आणि योसेफ यरुशलेमच्या मंदिरात गेले आणि त्यांनी दोन पक्ष्यांचा बळी दिला. वाचणारा पुढे सरकतो. पण लेवीय पुस्तकातला नियम ठाऊक असलेला माणूस इथे थांबतो. बाळंतिणीच्या शुद्धीकरणासाठी कोकरू आणायचं असतं. कोकरू परवडत नसेल तर दोन पक्षी चालतात. म्हणजे लूक एक अक्षरही जास्त न लिहिता सांगून जातो की हे घर गरिबाचं होतं.

दुसरी जागा मत्तयची. बारा वर्षं रक्तस्रावाने त्रासलेली एक बाई गर्दीतून येते आणि येशूच्या वस्त्राच्या गोंड्याला हात लावते. मराठी बायबलमध्ये ‘गोंडा’ असाच शब्द आहे. आपल्याला गोंडा म्हटलं की टोपीचा किंवा परकराचा, शोभेचा गोंडा आठवतो. हा तो नव्हे. देवाच्या आज्ञांची आठवण राहावी म्हणून वस्त्राच्या टोकांना गोंडे लावावेत, असा तौरातचा आदेश आहे. आजही यहुदी पुरुष प्रार्थनेच्या वेळी जी शाल घेतात, तिच्या चार टोकांना ते असतात. ती बाई ज्याला शिवली, तो माणूस मोशेच्या शरीयतप्रमाणे कपडे घालणारा होता. गोऱ्या कातडीचा, निळ्या डोळ्यांचा, वाऱ्यावर झगा उडणारा येशू कॅलेंडरवर असतो. शुभवर्तमानातल्या येशूच्या कपड्याला गोंडे आहेत.

वधस्तंभावरचा आक्रोश घ्या. देवाने मला का टाकलं, असं येशू विचारतो, तेव्हा कित्येकांना ती श्रद्धा कोसळण्याची घटका वाटते. ते शब्द स्तोत्रसंहितेतल्या बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात आहेत. ज्याला जबूर पाठ आहे त्याच्या मनात पहिल्या ओळीबरोबर पूर्ण स्तोत्र उभं राहतं, आणि ते स्तोत्र वेदनेतून निघून देवाच्या स्तुतीपाशी पोहोचतं. आक्रोश त्यामुळे खोटा ठरत नाही. पण तो कोणत्या परंपरेतल्या माणसाचा आहे हे कळतं.

सर्वांत मोठी आज्ञा कोणती, या प्रश्नाला येशूने दिलेलं उत्तर तर ख्रिस्ती शिकवणीचा गाभा समजलं जातं: देव एक आहे, त्याच्यावर पूर्ण मनाने प्रेम करा आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करा. यातला पहिला भाग अनुवाद या पुस्तकातला आहे. यहुदी माणूस सकाळ-संध्याकाळ म्हणतो ती ‘शेमा’ प्रार्थना तीच. दुसरा भाग लेवीय पुस्तकातला. आणि मार्क सांगतो की प्रश्न विचारणारा यहुदी शास्त्री हे उत्तर ऐकून रागावला नाही, त्याने मान डोलावली. येशूच्या थोडा आधीचे रब्बी हिल्लेल यांच्याबद्दल तालमूदमध्ये अशीच कथा आहे. एका पायावर उभं राहून होईल तेवढ्या वेळात पूर्ण तौरात शिकव, असं एकाने त्यांना म्हटलं. तुला जे नकोसं वाटतं ते दुसऱ्याशी वागू नकोस, बाकी सगळं भाष्य आहे, ते जाऊन शीक, अशा आशयाचं उत्तर त्यांनी दिलं. येशू आणि हिल्लेल एकाच मदरशातले वाटावेत, इतकं हे जवळचं आहे.

आता परूशी. मराठी बायबल वाचणाऱ्याच्या मनात परूशी म्हणजे ढोंगी हे समीकरण पक्कं झालेलं आहे. इतिहासातले परूशी मात्र मंदिराचे वतनदार पुरोहित नव्हते. ते काम मुख्यतः सदूकींकडे होतं. परूशी सामान्यांतले अभ्यासक होते. धर्म घरात, जेवणाच्या पानावर, बाजारात पाळता यावा यासाठी ते नियमांचा काथ्याकूट करत. मेलेल्यांचं पुनरुत्थान होणार हे ते मानत, सदूकी मानत नसत. या बाबतीत येशू परूशांच्या बाजूचा आहे. हेरोद तुला मारायला टपलाय, इथून निघून जा, अशी सूचना येशूला देणारेही लूकमध्ये परूशीच आहेत. पौल तर स्वतःला परूशी म्हणवतो. शब्बाथ माणसासाठी आहे, हा येशूचा युक्तिवादही रब्बींच्या भाष्यग्रंथात जवळजवळ त्याच रूपात सापडतो. येशू परूशांशी कडाडून वाद घालतो हे खरंच. पण हा वाद घरातला आहे. हनफी आणि अहले हदीस एकमेकांशी ज्या त्वेषाने भांडतात तो ज्याने पाहिलाय, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. सर्वांत कडक भाषा आपण सर्वांत जवळच्या माणसासाठी राखून ठेवतो. ते भांडण पुढे परक्यांच्या हाती गेलं, तिथे घात झाला.

भाषांतरानेही हातभार लावला. ‘तोरा’ या हिब्रू शब्दाचा अर्थ शिकवण, मार्गदर्शन. ग्रीकमध्ये त्याला कायद्याचा शब्द वापरला गेला आणि मराठीत तो ‘नियमशास्त्र’ होऊन आला. नियमशास्त्र म्हटलं की डोळ्यांसमोर तलाठी कार्यालय येतं. मग येशूची कृपा एकीकडे आणि यहुद्यांचे रुक्ष नियम दुसरीकडे, अशी मांडणी करणं सोपं होतं. ‘शरीयत’ या शब्दाचं काय झालंय हे आम्ही रोज पाहतो, त्यामुळे हे दुखणं मला लवकर ओळखू येतं.

ग्रंथांच्या क्रमाचाही परिणाम होतो. यहुद्यांच्या तनाखमध्ये आणि प्रोटेस्टंट जुन्या करारात मजकूर तोच आहे, पण मांडणी वेगळी. तनाखचा शेवट इतिहासाच्या ग्रंथाने होतो: इराणचा बादशहा कोरेश निर्वासितांना यरुशलेमला परत जाण्याची मुभा देतो. ख्रिस्ती जुना करार मलाखीपाशी संपतो, जिथे एलीया पुन्हा येईल असं वचन आहे, आणि पान उलटलं की मत्तय सुरू. एका वाचकासाठी ग्रंथ घरी परतण्यावर संपतो, दुसऱ्यासाठी कुणाची तरी वाट पाहण्यावर. तुम्ही तुमचाच ग्रंथ नीट वाचत नाही, असा आरोप ख्रिस्ती धर्मोपदेशक यहुद्यांवर शतकानुशतकं करत आले. दोघांच्या हातातल्या ग्रंथाचं शेवटचं पान वेगळं होतं, याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं.

हे सगळं पंडितांपुरतं असतं तर लिहिण्याचं कारण नव्हतं. इ. स. ३८६-८७ मध्ये अंत्युखियात योहान ख्रिसोस्तम यांनी यहुद्यांविरुद्ध आठ जहाल प्रवचनं दिली. त्यांचा राग कशावर होता, तर त्यांचेच ख्रिस्ती अनुयायी सभास्थानात जात आणि यहुद्यांचे सण साजरे करत यावर! म्हणजे सामान्य माणसं एकत्र नांदत होती, दरी व्यासपीठावरून खोदली जात होती. १०९६ मध्ये पहिल्या क्रुसेडला निघालेल्या टोळ्यांनी वाटेत ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स आणि माइन्झ इथले यहुदी कापून काढले. तीन वर्षांनी यरुशलेम पडलं, तेव्हा मुसलमान आणि यहुदी एकाच तलवारीखाली गेले. ल्यूथरने १५२३ मध्ये येशू जन्माने यहुदी होता हे सांगणारी पुस्तिका लिहिली. यहुदी धर्मांतर करतील ही त्याची आशा फोल ठरली, आणि १५४३ मध्ये त्यानेच त्यांची सभास्थानं जाळा असं लिहिलं. वार्टबुर्गवर जमलेल्या प्राध्यापकांना फारसं नवीन काही शोधावं लागलं नाही.

याचा हिशेब मांडणारा माणूस फ्रान्समध्ये होता. ज्यूल इझाक, शाळेत लागणाऱ्या इतिहासाच्या पुस्तकांचे लेखक, यहुदी. त्यांची बायको आणि मुलगी नाझींच्या तावडीत सापडून ऑशविट्झला मारल्या गेल्या. लपूनछपून जगत असताना त्यांनी शुभवर्तमानं ओळीओळीने वाचली आणि चर्चच्या शिकवणीशी ताडून पाहिली. ‘जेझू ए इस्राएल’ हा त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये आला. द्वेष ग्रंथात कमी आणि शिकवण्याच्या पद्धतीत जास्त आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. १३ जून १९६० रोजी, ऐंशी ओलांडलेले इझाक पोप तेविसावे जॉन यांना भेटले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र मंजूर केलं: बाजूने २,२२१ मतं, विरोधात ८८. येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. इझाक ते पाहायला नव्हते, १९६३ मध्येच ते वारले. याच घोषणापत्रात मुसलमानांबद्दलही आदराने लिहिलेला एक परिच्छेद आहे, हे आमच्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

यहुदी धर्म समजून घ्या असं म्हटलं की लगेच प्रश्न येतो, मग पॅलेस्टाइनचं काय? प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. एका धर्माची परंपरा समजून घेणं आणि एका सरकारच्या बंदुकीला धर्माचा दाखला देणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. किंबहुना, अमेरिकेतला जो ख्रिस्ती गट बायबलातल्या भविष्यवाण्या जुळवत इस्राएलच्या प्रत्येक युद्धाला आशीर्वाद देतो, त्यालाही यहुदी धर्म कळलेला नाही. १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलने ज्या विचाराचा प्रसार केला, त्यात यहुदी माणूस हा जगाच्या अंताच्या नाटकातलं एक पात्र आहे; त्याने ठरल्या वेळी ठरल्या जागी उभं राहायचं. पूर्वी त्याला खलनायक केलं होतं, आता सोंगटी केलं. बेथलेहेमच्या आणि गाझाच्या ख्रिश्चनांना या नाटकात जागाच नाही. आणि आमच्या मोहल्ल्यात ‘यहुदी’ हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की, कुरआनात नावानिशी सर्वाधिक उल्लेख कोणत्या पैगंबराचा आहे? हजरत मुसांचा. आशुराच्या रोजाची हदीस मदिनेतल्या यहुद्यांच्या रोजापासूनच सुरू होते.

मराठीचा या इतिहासाशी जुना संबंध आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. त्यातलं ‘पहिलं पुराण’ आदम-हव्वेपासून पुढची इस्राएलची कथा सांगतं. येशू ‘दुसऱ्या पुराणा’त येतो. नव्या ख्रिश्चनांना येशू सांगायचा तर आधी मोशे आणि दावीद सांगावे लागतील, हे स्टीफन्स यांना पक्कं ठाऊक होतं. पण त्याच गोव्यात, ते येऊन जेमतेम वर्ष झालं असताना, १५८० मध्ये इन्क्विझिशनने गार्सिया द ऑर्ता यांची हाडं थडग्यातून उकरून जाळली. ऑर्ता हे नामांकित वैद्य, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचे स्नेही, भारतीय औषधींवरचा त्यांचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेलेला. वरून ख्रिस्ती असून ते घरात यहुदी धर्म पाळत होते, हा त्यांचा गुन्हा. त्यांची बहीण कातारीना हिला १५६९ मध्ये जिवंत जाळलं होतं. एका हाताने मोशेची कथा ओवीत गुंफायची आणि दुसऱ्या हाताने मोशेच्या माणसाची हाडं जाळायची, हे एकाच गोव्यात, एकाच पिढीत चाललं होतं.

पुढे पंडिता रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम हाती घेतलं, तेव्हा इंग्रजीवरून काम भागवणं त्यांना पटलं नाही. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या मुक्ती सदनात हे काम वर्षानुवर्षं चाललं. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या, त्याआधी ते हातावेगळं झालं होतं. येशूची आई ज्या धर्मग्रंथात वाढली तो त्याच्या मूळ भाषेत वाचल्याशिवाय या बाईंना चैन पडेना. दुसऱ्या कुणी लादलेली ही मेहनत नव्हती.

आणि कोकणात बेने इस्राएल होतेच. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची परंपरा सांगते की, शेकडो वर्षांच्या एकांतात हिब्रू विसरली गेली, ग्रंथ उरले नाहीत, पण ‘शेमा’ तेवढी तोंडात राहिली. एकोणिसाव्या शतकात मिशनरी आले. १८३२ मध्ये जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. जुना करार मराठीत आला आणि बेने इस्राएलांची मुलं मिशनच्या शाळांत तो वाचू लागली. हेतू अर्थात त्यांनी ख्रिस्ती व्हावं हाच होता. झालं उलटंच. फार थोडे ख्रिस्ती झाले. बाकीच्यांनी विल्सन साहेबांचं व्याकरण आणि मिशनचं बायबल हातात घेऊन स्वतःचा यहुदी धर्म नव्याने शिकून घेतला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात तर त्यांनी हरिदासी पद्धतीची कीर्तनं रचली. मंडपात मराठी पदं आणि आख्यान, कथा अब्राहाम आणि योसेफाची. आमच्या भाषेत, हजरत इब्राहिम आणि हजरत युसूफ यांची.